ओव्हरक्लॉक केलेला पीसी क्रॅश होतोय? व्होल्टेज वाढवण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा

ओव्हरक्लॉक केल्यावर (प्रोसेसर किंवा रॅम कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवल्यावर) निळी स्क्रीन आली की बहुतेक जण थेट बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) शिरतात आणि व्हीकोर (प्रोसेसरच्या कोरचं व्होल्टेज) ०.०५ व्होल्टने वाढवून मोकळे होतात. नाही थांबलं तर आणखी ०.०५. मग रॅमचं व्होल्टेज, मग एलएलसी (लोडवर व्होल्टेज किती घसरू द्यायचं ते ठरवणारं सेटिंग), मग कुठल्याशा व्हिडिओत पाहिलेली आणखी चार सेटिंग्ज. शेवटी मशीन आधीपेक्षा गरम, क्रॅश तसेच, आणि मुळात काय बिघडलं होतं ते कुणालाच सांगता येत नाही.

चूक व्होल्टेज वाढवण्यात नाही, क्रमात आहे. क्रॅश रॅमचा असेल तर व्हीकोर कितीही वाढवा, फरक पडणार नाही. क्रॅश हलक्या लोडवर होत असेल तर तासभर प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा प्रोग्रॅम) चालवून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून आधी दोष कोणत्या भागात आहे ते ठरवायचं आणि मग त्या भागाचं एकच सेटिंग हलवायचं.

उदाहरणासाठी एक नेहमीचं मशीन घेऊ: रायझन ७ ७७००एक्स, बी६५० मदरबोर्ड, डीडीआर५-६००० ची १६ जीबीची दोन मॉड्यूल्स, एक्सपो (रॅमचं तयार वेगवान प्रोफाइल) चालू, पीबीओ (प्रोसेसरला जास्त वीज ओढू देणारं एएमडीचं सेटिंग) चालू आणि कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (प्रत्येक कोरचं व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगमध्ये) सगळ्या कोरना सरसकट उणे ३०. इंटेलवर जिथे वेगळं करायचं तिथे तसं सांगितलं आहे. आणि हो, ‘मी ओव्हरक्लॉक नाही केलं, फक्त अंडरव्होल्ट केलंय’ म्हणणाऱ्यांनीही हेच टप्पे पाळायचे. एक्सपो किंवा एक्सएमपी (इंटेलचं तसंच प्रोफाइल) चालू करणं हेसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच आहे.

## टप्पा १: तयारी

हा टप्पा कंटाळवाणा असल्यामुळे सगळ्यात जास्त वगळला जातो.

१. बॅकअप घ्या. अस्थिर रॅम फक्त क्रॅश करत नाही, ती चुकीचा डेटा डिस्कवर लिहिते. फोटो, प्रोजेक्ट, टॅलीचा डेटा, जे काही महत्त्वाचं असेल ते बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करून तो ड्राइव्ह काढून ठेवा. चाचण्या चालू असताना तो जोडलेला नको.

२. बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की हाताशी ठेवा. बायोस अपडेट केला किंवा सीमॉस क्लिअर केला (बायोसची सेटिंग्ज पुसली) की विंडोज ४८ अंकी की मागू शकतं. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ताही नसतो. की मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. ती आत्ताच कागदावर लिहून घ्या, नंतर नव्हे.

३. बायोसच्या प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट काढा. फॅट३२ फॉरमॅटचा पेनड्राइव्ह लावून एफ१२ दाबलं की बहुतेक बोर्डांवर तो सेव्ह होतो. प्रोफाइल सेव्ह कराच, पण फक्त त्याच्यावर विसंबू नका. बायोस अपडेटनंतर जुनं प्रोफाइल बऱ्याचदा लोड होत नाही.

४. बायोस अपडेट करा, आणि ते डिफॉल्ट सेटिंगवर असताना करा. अस्थिर ओव्हरक्लॉकवर बायोस फ्लॅश करणं म्हणजे बोर्ड गमावण्याची तयारी. एएम५ (रायझन ७००० ज्यात बसतो तो सॉकेट) बोर्डांवर हे अपडेट ऐच्छिक समजू नका. २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्यावर एएमडीने नव्या बायोसमधून एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाच्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतही तीच गोष्ट. जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसर हळूहळू खराब होण्याचा प्रश्न २०२४ मध्ये समोर आला आणि इंटेलने मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) सुधारित पॅच दिले. त्याआधीच्या बायोसवर असाल तर पुढचं काही वाचण्याआधी अपडेट करा.

५. विंडोजमधली दोन सेटिंग्ज बंद करा. पहिलं, सिस्टम फेल्युअरनंतर आपोआप रीस्टार्ट होणं. ते बंद केलं की निळी स्क्रीन वाचायला मिळते. दुसरं, फास्ट स्टार्टअप. ते चालू असताना शट डाऊन म्हणजे खरं शट डाऊन नसतं. विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून पुन्हा तसाच उचलला जातो आणि कालची बिघडलेली अवस्था आजच्या चाचणीत घुसते.

६. देखरेखीसाठी एकच प्रोग्रॅम ठेवा. एचडब्ल्यूइन्फो पुरेसा आहे. त्याच्यासोबत बोर्ड कंपनीचं सॉफ्टवेअर, आरजीबीचं सॉफ्टवेअर आणि आणखी एखादं मीटर चालू असेल तर सगळे एकाच सेन्सरला एकाच वेळी विचारतात आणि आकडे भरकटतात. एचडब्ल्यूइन्फोचं लॉगिंग चालू करा. क्रॅश झाल्यावर फाइलची शेवटची ओळ हाच तुमचा पंचनामा.

७. नोंदवही. तारीख, खोलीचं तापमान, बदललेलं एक सेटिंग, चाचणी, किती मिनिटांनी काय झालं. ‘एक सेटिंग’ हा शब्दशः नियम आहे. दोन बदलली तर ती चाचणी रद्द समजा.

तपासा: कॅबिनेट उघडलंच आहे तर सीपीयूची ८ पिनची पॉवर केबल आणि ग्राफिक्स कार्डच्या केबल पूर्ण आत बसल्या आहेत का ते बोटाने दाबून पाहा. ग्राफिक्स कार्डला दोन सॉकेट असतील तर एकाच केबलची दोन टोकं न लावता दोन स्वतंत्र केबल लावा.

## टप्पा २: क्रॅशचा प्रकार ओळखा

इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टम. क्रॅशच्या वेळेच्या आसपास दोन नोंदी शोधायच्या आहेत.

पहिली, कर्नल-पॉवर, क्रमांक ४१. ही नोंद बघून ‘पॉवर सप्लाय गेला’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. तसं काही नसतं. विंडोज नीट बंद झालं नाही, एवढंच ती सांगते. तिच्या डिटेल्समध्ये बगचेक कोड असतो, दशमान पद्धतीत, आणि खरी माहिती तिथे आहे:

- ० : विंडोजला काही लिहायलाही वेळ मिळाला नाही. वीज तुटली, पीसी तत्काळ रीसेट झाला, किंवा हँग झाल्यावर तुम्हीच बटण दाबलं.
- २९२ : हार्डवेअरची न सुधारता येणारी चूक. सीपीयू कोर किंवा मेमरी कंट्रोलर यांच्यावर पहिला संशय.
- २५७ : क्लॉक वॉचडॉग टाइमआउट. एखाद्या कोरने प्रतिसाद देणं थांबवलं. बहुतेकदा कोरला व्होल्टेज कमी.
- २६, ८०, १० : मेमरीशी संबंधित चुका. एखाद-दुसरी असेल तर ड्रायव्हरही असू शकतो. पण दर वेळी वेगळा कोड येत असेल, तर रॅमकडे वळा.
- २७८ : ग्राफिक्स ड्रायव्हर परत उभा राहिला नाही.

दुसरी नोंद डब्ल्यूएचईए-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या विंडोजच्या भागाची). क्रमांक १८ म्हणजे जीवघेणी चूक, १९ म्हणजे सुधारली गेलेली. १८ मध्ये प्रोसेसरचा एपीआयसी आयडी (थ्रेडचा क्रमांक) दिलेला असतो. आपल्या ८ कोरच्या ७७००एक्सवर एका कोरचे दोन थ्रेड असतात, म्हणून आयडीला २ ने भागा आणि अपूर्णांक सोडून द्या. आयडी १० किंवा ११ असेल तर कोर क्रमांक ५. टप्पा ७ मध्ये हा आकडा सोन्यासारखा उपयोगी पडतो, लिहून ठेवा.

क्रमांक १९ च्या नोंदी दिसत असतील आणि मशीन क्रॅश होत नसेल, तरी ते स्थिर नाही. ‘चालतंय ना’ म्हणून सोडू नका.

## टप्पा ३: खरोखरच्या स्टॉकवर या

बायोसमध्ये ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स लोड केले म्हणजे मशीन स्टॉकवर (कंपनीच्या मूळ सेटिंगवर) आलं, हा गैरसमज. कित्येक बोर्ड ‘ऑटो’च्या नावाखाली स्वतःच पॉवर मर्यादा वाढवून ठेवतात. त्यामुळे हाताने एकेक गोष्ट बंद करा: एक्सपो बंद, पीबीओ ऑटोवर न ठेवता डिसेबल्ड, कर्व्ह ऑप्टिमायझर शून्य. इंटेल असेल तर मल्टिकोर एन्हान्समेंट बंद आणि इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज निवडा. ग्राफिक्स कार्डचा ओव्हरक्लॉक काढा आणि आफ्टरबर्नर विंडोजबरोबर सुरू होणार नाही असं करा. बायोस साफ केला तरी हे सॉफ्टवेअर आपलं प्रोफाइल पुन्हा लावतं, हे बरेच जण विसरतात.

आता ज्या कामात क्रॅश व्हायचा, तेच काम करा. दोन-तीन दिवस नेहमीसारखं वापरा.

स्टॉकवरही क्रॅश झाला तर इथेच थांबा. हा ओव्हरक्लॉकचा प्रश्न नाही. कूलरची बसवणी, खराब रॅम, पॉवर सप्लाय, डिस्क किंवा प्रोसेसर यांपैकी काहीतरी बिघडलंय. टप्पा ४ आणि ५ मधल्या तपासण्या स्टॉकवरच करा. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचा प्रोसेसर असेल आणि गेम उघडताना व्हिडिओ मेमरी संपल्याचा संदेश येत असेल, तर ग्राफिक्स कार्डाला दोष देत बसू नका. बिघडलेल्या प्रोसेसरचं ते ठळक लक्षण होतं. नवा मायक्रोकोड पुढचं नुकसान टाळतो, झालेलं भरून काढत नाही. या प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने २ वर्षांनी वाढवली आहे, तिचा दावा करा.

## टप्पा ४: वीज

हे परदेशी मार्गदर्शकांत एका ओळीत उरकलेलं असतं. आपल्याकडे मात्र थोडं थांबावं लागतं.

बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. गेमिंग पीसी आणि मॉनिटर मिळून तेवढं सहज ओढतात आणि ग्राफिक्स कार्डाचे क्षणिक झटके त्याच्याही वर जातात. यूपीएस ओव्हरलोड होऊन बंद पडला की इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१, कोड ०. शिवाय अशा स्वस्त यूपीएसमधून बॅटरीवर येणारी वीज शुद्ध साइन वेव्ह नसते. काही पॉवर सप्लायना ती चालत नाही आणि लाइट गेल्याक्षणी पीसी रीसेट होतो.

१. चाचणीपुरता यूपीएस, इन्व्हर्टर आणि एक्स्टेंशन बोर्ड बाजूला करा. अर्थिंग असलेल्या भिंतीच्या सॉकेटमध्ये थेट लावा. दिवसाढवळ्या करा आणि बाहेर विजा चमकत असतील तर करूच नका.

२. कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर अर्थिंग नाही. आधी इलेक्ट्रिशियन, मग ओव्हरक्लॉकिंग.

३. पूर्ण लोडवर १२ व्होल्टची लाइन बघा. ती ११.४ ते १२.६ च्या आत हवी. ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५. सॉफ्टवेअरमधला आकडा अंदाजापुरता. तो ९ किंवा १४ दाखवत असेल तर सेन्सर चुकतोय, कारण खरंच तसं असतं तर पीसी चालूच राहिला नसता. शंका असेल तर मोकळ्या मोलेक्स कनेक्टरवर मल्टिमीटर लावा: पिवळी वायर १२, लाल ५, काळी ग्राउंड. सगळ्या वायर काळ्या असतील तर कनेक्टरच्या पिनांची आकृती बघून लावा.

सावध: पॉवर सप्लायचा डबा उघडायचा नाही. केबल काढून ठेवली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहतो.

निष्क्रिय असताना १२.१ आणि लोडवर ११.९ असेल तर सगळं ठीक. लोडवर ११.४ च्या जवळ जाऊन ग्राफिक्स कार्ड पळायला लागताच रीसेट होत असेल तर पुढचे टप्पे करण्यात अर्थ नाही.

## टप्पा ५: फक्त रॅम

सीपीयू स्टॉक, ग्राफिक्स कार्ड स्टॉक. आता एकटं एक्सपो चालू करा.

रॅम सीपीयूच्या आधी का? कारण रॅमच्या चुका सीपीयूच्या चाचणीत सीपीयूच्या म्हणून दिसतात. उलट फार कमी वेळा घडतं. डीडीआर५ मध्ये चिपच्या आत चूक सुधारण्याची सोय असते, म्हणून ‘माझ्या रॅमला ईसीसी आहे’ असं म्हणणारे भेटतात. ती सोय फक्त चिपच्या आतल्या साठवणीपुरती आहे. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर बिट बिघडला तर तिला त्याचा पत्ता नसतो, आणि ओव्हरक्लॉकमध्ये बिघडते ती बहुधा हीच वाट.

सावध: एएम५ वर रॅमचं सेटिंग बदलल्यानंतरच्या पहिल्या बूटला स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करत असतो, म्हणजे तिच्याशी जुळणारी टायमिंग शोधत असतो. घाबरून स्विच बंद करू नका, चहा करून या.

ट्रेनिंगवरूनच दुसरी गोष्ट. मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर चालू असेल तर बोर्ड दर बूटला जुनंच ट्रेनिंग वापरतो. चाचणीच्या काळात ते बंद ठेवा, बूट लांबला तरी चालेल. प्रत्येक ट्रेनिंगचा निकाल थोडा वेगळा येतो. ‘काल रात्री पास झालं, आज सकाळी पहिल्याच मिनिटाला एरर’ या तक्रारीमागे हेच असतं. म्हणून पास झाल्यावर पीसी पूर्ण बंद करून, थंड झाल्यावर पुन्हा एकदा चाचणी घ्यायची.

चाचण्यांचा क्रम:

१. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६. विंडोज सुरूच होत नसल्यामुळे तुमच्या फाइलींना धोका नाही. इथे एरर आल्या तर विंडोजमध्ये जाऊच नका.

२. विंडोजमध्ये टेस्टमेम५, एक्स्ट्रीम प्रोफाइलवर. मेमटेस्ट८६ सरळसरळ खराब मॉड्यूल पकडतं, पण काठावरच्या टायमिंग पकडण्यात ते कच्चं आहे. तिथे हे लागतं.

३. वाय-क्रंचरची स्ट्रेस टेस्ट, किमान दोन तास. ही मेमरी कंट्रोलर आणि इन्फिनिटी फॅब्रिकला (रायझनचे आतले भाग जोडणाऱ्या वाटेला) घाम फोडते.

एकही एरर चालत नाही. ‘आठ तासांत फक्त एक’ ही नापासच.

एरर आली तर काय करायचं:

क. बाकी काही न हलवता वेग ६००० वरून ५६०० करा. एरर गेल्या तर वेग किंवा कंट्रोलर. राहिल्या तर टायमिंग किंवा खराब मॉड्यूल.

ख. एक मॉड्यूल काढा, दुसरं सीपीयूपासून दुसऱ्या सॉकेटमध्ये लावा आणि तपासा. मग अदलाबदल. एक्सपो बंद असतानाही एकच मॉड्यूल सारखं नापास होत असेल तर ते वॉरंटीत बदलून घ्या. व्होल्टेज देऊन त्याला सुधारायचं नाही.

ग. दोन्ही एकटी पास, जोडीने नापास? मग एसओसी व्होल्टेज. एक्सपो लावल्यावर बोर्ड ते स्वतःच १.२५ ते १.३ वर नेऊन ठेवतो. बरेच जण आणखी वर जायचा मार्ग शोधतात, पण खाली येऊन पाहणं जास्त शहाणपणाचं. १.२५, १.२२, १.२०, १.१८ असे थांबे घ्या. जास्त एसओसी म्हणजे जास्त स्थिरता असं नाही. इंटेलवर याच जागी सिस्टम एजंट व्होल्टेज येतं.

घ. पहिली २०–३० मिनिटं स्वच्छ आणि मग एरर? उष्णता. डीडीआर५ मॉड्यूलवर तापमानाचा सेन्सर असतो, एचडब्ल्यूइन्फोमध्ये दिसतो. टीरेफी (रॅम किती अंतराने रीफ्रेश होते तो आकडा) ताणलेलं असेल तर ते कमी करा, किंवा रॅमवर एक पंखा वळवून चाचणी पुन्हा घ्या. पंख्याने एरर गेल्या तर उत्तर मिळालं.

चार मॉड्यूल लावणाऱ्यांना एक कडू बातमी: रायझन ७००० साठी दोन मॉड्यूलवर एएमडीचा अधिकृत वेग ५२०० आहे आणि चारवर ३६००. चार मॉड्यूलवर ६००० धावत नसेल तर बिघाड शोधू नका, अपेक्षा तपासा. दोन वेगवेगळे संच एकत्र लावले असतील, छापलेला आकडा तोच असला तरी, ते संच म्हणून धरले जात नाहीत.

## टप्पा ६: पूर्ण लोडवरचा सीपीयू आणि एलएलसी

रॅम पास झाली. ती तशीच ठेवा. आता सीपीयूचं ट्यूनिंग परत लावा.

एचडब्ल्यूइन्फोमध्ये तीन-चार ठिकाणी कोर व्होल्टेज दिसतं आणि लोक नेमकं चुकीचं वाचतात. व्हीआयडी ही प्रोसेसरने केलेली मागणी आहे, मिळालेलं व्होल्टेज नव्हे. रायझनवर सीपीयूच्या यादीत एसव्हीआय३ टेलीमेट्रीचं व्होल्टेज बघा. इंटेलवर व्हीआर व्हीआउट दिसत असेल तर ते, नसेल तर बोर्डाच्या यादीतलं व्हीकोर.

बायोसमध्ये दिलेलं व्होल्टेज लोडवर तसंच राहत नाही. शेतातली मोटर सुरू झाली की घरातला बल्ब मंद होतो, तसंच हे. इंटेलवर स्थिर १.३० व्होल्ट दिले, लोडलाइन (दर अँपिअरमागे व्होल्टेज किती घटतं ते ठरवणारा रोध) १.१ मिलिओहम आहे आणि प्रोसेसर १५० अँपिअर ओढतोय असं धरा. १५० गुणिले ०.००११ म्हणजे ०.१६५ व्होल्ट. प्रोसेसरला प्रत्यक्षात मिळाले १.१३५. तुम्ही १.३० वर विसंबून बसलात आणि चाचणी झाली १.१३५ वर. एलएलसी वाढवून लोडलाइन ०.५ मिलिओहम केली तर घट ०.०७५ आणि मिळतील १.२२५.

मग एलएलसी शेवटच्या टोकाला का न्यायची नाही? लोड अचानक सुटतो तेव्हा व्होल्टेज क्षणभर ठरवलेल्या आकड्याच्या वर उसळी घेतं. ती उसळी मायक्रोसेकंदांची असते आणि एचडब्ल्यूइन्फो साधारण दोन सेकंदांनी एकदा आकडा वाचतं. ऑसिलोस्कोपशिवाय ती दिसणारच नाही, पण प्रोसेसरला सोसावी लागते. मधली पातळी ठेवा आणि थोडी घट मान्य करा. घट होणं हा दोष नाही, ती मुद्दाम केलेली रचना आहे.

सावध: पातळ्यांचे आकडे कंपनीगणिक उलटसुलट आहेत. एमएसआय आणि अ‍ॅसरॉकवर १ ही सगळ्यात कडक पातळी, आसुसवर मोठा आकडा कडक. गिगाबाइटवर आकड्यांऐवजी लो, मीडियम, हाय, टर्बो अशी नावं असतात. दुसऱ्याच्या बोर्डाचा आकडा आपल्याकडे उतरवू नका.

चाचणी: आधी सिनेबेंच दहा मिनिटं, मग ओसीसीटी किंवा प्राइम९५ चं स्मॉल एफएफटी अर्धा तास. ७७००एक्स ९५ अंशांवर गेला तर घाबरू नका, त्याची मर्यादा तीच आहे आणि तो स्वतःला तिथे रोखतो. ७०००एक्स३डी मॉडेलची मर्यादा ८९. इंटेल १०० ला टेकून वेग कमी करत असेल तर मात्र चाचणी अर्धवट झाली असं समजा, कारण ठरवलेल्या वेगाची परीक्षा झालीच नाही.

तपासा: क्रॅश नाही म्हणजे पास, असं नाही. रायझनला व्होल्टेज कमी पडलं की तो बऱ्याचदा पडत नाही, गुपचूप दमतो. क्लॉक ५३०० दाखवत राहतो, पण एचडब्ल्यूइन्फोमधला इफेक्टिव्ह क्लॉक (प्रत्यक्ष मिळणारा वेग) ५१०० च असतो. पूर्ण लोडवर या दोघांतला फरक शंभर मेगाहर्ट्झच्या पुढे गेला, किंवा कर्व्ह आणखी उणे केल्यावर सिनेबेंचचा स्कोअर वाढायच्या ऐवजी घसरला, तर तुम्ही हद्द ओलांडली आहे.

## टप्पा ७: हलका लोड, जिथे उणे ३० उघडं पडतं

तासन्‌तास प्राइम९५ पास आणि ब्राउझरमध्ये बातम्या वाचताना रीसेट. ही तक्रार ऐकली की सरसकट उणे कर्व्ह ऑप्टिमायझर डोळ्यांसमोर येतो. पूर्ण लोडवर सगळे कोर कमी वेगाने धावतात. एखादाच कोर कामाला लागतो तेव्हा तो सगळ्यात वरचा बूस्ट (आपोआप वाढवलेला वेग) गाठतो, आणि उणे ३० मुळे कापलेलं व्होल्टेज त्याला तिथे पुरत नाही. पूर्ण लोडची चाचणी त्या बिंदूपर्यंत पोहोचतच नाही.

१. रायझन मास्टरमध्ये कोणत्या दोन कोरवर खूण आहे ते पाहा. ते एएमडीने सर्वोत्तम ठरवलेले कोर. ते सगळ्यात उंच बूस्ट घेतात, म्हणून त्यांना सगळ्यात कमी उणे सोसतं. ‘चांगला कोर, म्हणून जास्त उणे’ हा हिशेब उलटा आहे.

२. त्या दोघांना उणे १०, बाकी सहांना उणे २० देऊन सुरुवात करा. कर्व्हचं एक पाऊल म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट.

३. कोअरसायकलर चालवा. तो एका वेळी एकाच कोरवर काम टाकतो, बाकीचे मोकळे. मूळ सेटिंगमधला एसएसई मोड तसाच राहू द्या. तो हलका असल्यामुळे कोर पुरेपूर बूस्ट घेतो. रात्री लावून झोपा.

४. नापास झालेल्या कोरचा क्रमांक लॉगमध्ये असतो. टप्पा २ मध्ये लिहून ठेवलेल्या कोरशी तो जुळतो का बघा. जुळला तर खात्रीच. फक्त त्याच कोरला ३ ते ५ पावलं सोडा, उणे २० चं उणे १६. सगळे कोर सैल करायची गरज नाही.

५. पुन्हा चालवा. सगळे कोर एक पूर्ण रात्र पास होईपर्यंत.

६. मग एक दिवस काहीच न करता पीसी चालू ठेवा. अधूनमधून स्लीपमध्ये घालून उठवा. निष्क्रिय अवस्थेतून एकदम बूस्टवर जाण्याची परीक्षा कुठलाही प्रोग्रॅम यापेक्षा चांगली घेत नाही.

खरं सांगायचं तर सरसकट उणे ३० हा आकडा चाचणी न करता फुशारकी मारण्यासाठीच जास्त वापरला जातो. आठ कोरपैकी एखाद-दोन उणे ८ वर थांबले तर त्यात कमीपणा नाही.

## टप्पा ८: ग्राफिक्स कार्ड

सीपीयू आणि रॅम आता खात्रीचे आहेत, तेव्हा इथे गोंधळ कमी. आधी फक्त कोर क्लॉक परत लावा, मग फक्त मेमरी. स्क्रीनवर ठिपके, चमकणारे त्रिकोण किंवा ड्रायव्हर कोसळून परत येणं (इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१) ही कार्डाचीच लक्षणं.

मेमरीत एक चकवा आहे. जीडीडीआर६एक्स असलेली कार्डं चुकलेला डेटा पुन्हा मागवतात. त्यामुळे हद्द ओलांडली तरी ठिपके दिसत नाहीत, फक्त फ्रेम कमी होतात. मेमरी ५० मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी वाढवा आणि प्रत्येक पायरीवर तोच बेंचमार्क चालवा. स्कोअर वाढायचा थांबला की दोन पायऱ्या मागे या.

## टप्पा ९: सगळं एकत्र, आणि उन्हाळा

वेगवेगळं पास झालेलं एकत्र नापास होऊ शकतं. ग्राफिक्स कार्डाची गरम हवा थेट रॅमवर जाते, सीपीयूचा कूलर तीच हवा ओढतो आणि पॉवर सप्लायवर एकाच वेळी पूर्ण भार येतो. ओसीसीटीची पॉवर टेस्ट पंधरा-वीस मिनिटं घ्या. मग तुमचा सगळ्यात जड गेम सलग दोन-तीन तास. कॅबिनेटची बाजू लावून! उघड्या कॅबिनेटवर केलेली चाचणी उघड्या कॅबिनेटपुरतीच.

खोलीचं तापमान जेवढ्या अंशांनी वाढतं, साधारण तेवढ्याच अंशांनी चिपचंही वाढतं. पुण्यात जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत पास झालेलं सेटिंग नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत टिकेल असं गृहीत धरू नका. तापलेल्या चिपला त्याच वेगासाठी थोडं जास्त व्होल्टेज लागतं, आणि रॅमचं ताणलेलं टीरेफी तर आधी बोंबलतं. थंडीत ट्यूनिंग करत असाल तर एक चाचणी कॅबिनेटच्या पंख्यांचा वेग मुद्दाम कमी करून घ्या, सेन्सर १०–१५ अंश वर जातील इतका. आळस असेल तर कर्व्हला प्रत्येक कोरवर ३ पावलं आणि रॅमच्या वेगाला एक पायरी ढील द्या. रोजच्या वापरात फरक कळणारही नाही.

## टप्पा १०: आवराआवर

आतापर्यंतच्या क्रॅशमध्ये विंडोजच्या फाइली बिघडल्या असण्याची दाट शक्यता आहे. स्थिर मशीनवरही प्रोग्रॅम कोसळत राहिले तर लोक पुन्हा व्होल्टेजकडे धावतात आणि दोष फाइलींमध्ये असतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून टर्मिनल उघडून आधी डिझमची रिस्टोर हेल्थ आज्ञा चालवा, मग एसएफसी स्कॅननाऊ, शेवटी चेकडिस्क. गेमच्या फाइली लाँचरमधून व्हेरिफाय करा. अस्थिर काळात कॉपी केलेल्या मोठ्या झिप फाइली आणि व्हिडिओ उघडून बघा, खराब निघाले तर बॅकअपमधून परत घ्या.

मग मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर चालू करा, बूट पुन्हा झटपट होईल. ते चालू केल्यानंतर टेस्टमेम५ एकदा पुन्हा चालवायचं. आठवडाभर रोज इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईएच्या नोंदी शोधा. एकही नसेल तर बायोसचे नवे स्क्रीनशॉट काढून नोंदवहीसोबत ठेवा. पुढच्या बायोस अपडेटनंतर सेटिंग्ज त्या फोटोंवरून हाताने भरा आणि टप्पा ५ ची वाय-क्रंचर व टप्पा ७ ची एक रात्र पुन्हा घ्या, कारण बायोस बदलला की तेच आकडे वेगळे वागू शकतात.